कुत्रं-मांजर अचानक गेलं तर पोस्टमॉर्टेम करावं की नाही?

कळंबेकर

आमच्या कॉलनीतला एक लॅब्रॉडॉर मध्यंतरी गेला. ऐन उमेदीतला, धडधाकट. रात्री नेहमीसारखा जेवला आणि पहाटे दूधवाल्याला फाटकाशी आडवा पडलेला दिसला. तोंडाला फेस होता. घरच्यांनी ऊन व्हायच्या आत रानात नेऊन पुरला. दुपारपासून कुजबुज सुरू झाली, "विष घातलं." कुणी घातलं तेही लोकांनीच ठरवून टाकलं. ज्यांच्याशी पार्किंगवरून वाजलं होतं, त्यांनी. आज त्या दोन घरांतली माणसं एकमेकांच्या दारावरून जाताना मान फिरवतात, पोरांचं एकत्र खेळणं बंद झालंय. खरं काय झालं ते कुणालाच ठाऊक नाही, आणि आता कळायचंही नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट मांडतो. तरणा, निरोगी प्राणी काही कळायच्या आत गेला तर पोस्टमॉर्टेम करून घ्यावंच. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात विमा उतरवलेली म्हैस दगावली की कानातला बिल्ला बघतात, पंचनामा होतो, डॉक्टर पोस्टमॉर्टेम करतात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मग ज्याला पोरासारखं वाढवलं त्याच्याच बाबतीत 'झालं ते झालं' का? पैशासाठी कारण शोधायचं आणि मायेसाठी शोधायचं नाही, हे मला पटत नाही.

मंगळवारपेठ

असहमत, आणि जोरात असहमत.

आमचा जर्मन शेफर्ड म्हातारपणी असाच गेला. सकाळी फिरून आला, दुपारी हिरड्या पांढऱ्याफटक, पोट टम्म. दवाखान्याच्या पायरीवरच मान टाकली. डॉक्टर म्हणाले, प्लीहेवर गाठ असावी आणि ती फुटून आत रक्तस्राव झाला असावा, या जातीत असं होतं, खात्री हवी असेल तर उघडून बघू. माझ्या सासऱ्यांनी त्याच्या अंगावर घोंगडं टाकलं आणि "आता त्याला हात लावायचा नाही" एवढंच बोलले. घरी आणून सासूबाईंनी त्याच्या तोंडाशी तुळशीचं पान ठेवलं. त्या देहावर चाकू चालवून आम्हाला काय मिळणार होतं?

म्हशीचा दाखला इथं लागू नाही. तिथं कागदाशिवाय दावा मंजूर होत नाही. माझ्या हातात कागद आला असता तर मी एकच विचार करत बसले असते, आधी सोनोग्राफी केली असती तर? आज मला 'असावं' एवढंच माहीत आहे, आणि तेवढ्यावर मला झोप लागते. सगळ्यांनी सगळं खणून काढलंच पाहिजे असा नियम करू नका.

गुरांचा_डॉक्टर

या पेशात बरीच वर्षं आहे. करावं की नाही हा घराघराचा प्रश्न. पण ठरवताना काही गोष्टी माहीत असाव्यात.

पहिली म्हणजे वेळ. मरणानंतर शरीर आतून कुजायला लागतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात, दाट केसांच्या मोठ्या कुत्र्यात तर काही तासांतच आतड्यांकडे बघून नीट सांगता येत नाही. त्यामुळे 'उद्या ठरवू' म्हणणं म्हणजे बहुतेक वेळा 'नाही' म्हणणंच असतं. शव थंड ठेवायचं, साधारण ४ अंशांवर, पण गोठवायचं नाही. गोठवलं की पेशींत बर्फाचे कण होऊन त्या फाटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही वाचता येत नाही. घरी एवढी सोय नसेल तर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सावलीत ठेवा आणि भोवती बर्फाच्या पिशव्या लावा.

दुसरं, काय शोधायचंय ते चाकू लावायच्या आधी ठरतं. पेशी तपासायच्या तर अवयवांचे छोटे तुकडे १० टक्के फॉर्मलिनमध्ये टाकतात. विषाची तपासणी हवी असेल तर फॉर्मलिन अजिबात चालत नाही. जठरातला ऐवज, यकृत, मूत्रपिंड वेगळ्या बरण्यांत, मिठाच्या संपृक्त पाण्यात जातं. सगळं फॉर्मलिनमध्ये बुडवून नंतर "विषाचं बघा" म्हटलं की हात टेकावे लागतात.

कळंबेकर, तोंडाला फेस म्हणजे विष नव्हे. हृदय थकून फुप्फुसात पाणी भरलं तरी फेस येतो, झटके आले तरी येतो. पोटाला पडलेला पीळ, फुटलेली प्लीहा, उंदराच्या औषधाने छातीत साठलेलं रक्त हे उघडल्याबरोबर दिसतं. पण हृदयाची लय बिघडून गेलेला डॉबरमन असेल तर नुसत्या डोळ्यांना कधीकधी काहीच सापडत नाही. मण्यारीचे दात इतके बारीक असतात की केसाळ कातडीवर खूण मिळेलच असं नाही. म्हणजे कारण मिळेलच अशी हमी कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका.

आणि म्हशीचंही दर वेळी उघडत नाहीत. नाका-तोंडातून काळपट, न गोठणारं रक्त येत असेल तर काळपुळीचा संशय असतो. तिथं चाकू लावायचाच नाही, नाहीतर जंतू मातीत पसरून वर्षानुवर्षं टिकतात.

पंचगंगाकाठ

माझं मत 'करावंच' या बाजूला, आणि कारण मायेचं नाही, घरातल्या माणसांचं आहे. २०१९ च्या महापुरानंतर घरातला चिखल काढत होतो तेव्हा आमच्या कुत्र्याने खाणं सोडलं. डोळे हळदीसारखे पिवळे झाले आणि तो गेला. डॉक्टरांना लेप्टोचा संशय आला, त्यांनी मूत्रपिंडाचा नमुना तपासायला पाठवला आणि निकालाची वाट न बघता आम्हाला सांगितलं की याची लघवी ज्यांनी हाताने पुसली त्यांनी आजच आपल्या डॉक्टरांना भेटा. हा रोग उंदरांच्या मुतातून पाण्यात येतो, कुत्र्याला होतो तसा माणसालाही होतो. पुसणारे माझे वडील होते. नमुना लेप्टोचाच निघाला. वडिलांना वेळेत औषध मिळालं.

गुरांचा_डॉक्टर

पंचगंगाकाठ यांच्याशी पूर्ण सहमत. त्यात रेबीज जोडा. गेलेल्या कुत्र्याने आधीच्या १० दिवसांत कुणाला चावलं असेल, किंवा त्याचा जबडा लोंबत होता, गिळता येत नव्हतं, स्वभाव एकदम बदलला होता, तर तिथं आवडी-निवडीचा प्रश्न नाही. मेंदूची तपासणी व्हायला हवी. आणि चावलेल्या माणसाने त्या निकालासाठी एक दिवसही थांबायचं नाही. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, त्याच दिवशी लस सुरू करा. असं शव उघड्या हातांनी उचलू नका.

मंगळवारपेठ

रेबीज, लेप्टो मान्य. तिथं मीही हो म्हणेन, कारण जिवंत माणसांचा जीव टांगणीला असतो. पण धाग्यातला 'करावंच' त्याच्याबद्दल नाही. तो कॉलनीतल्या भांडणाबद्दल आणि मनाच्या समाधानाबद्दल आहे.

उचगावकर

समाधानाचं राहू दे ओ ताई, संशयाचं बोला. आमच्यात उसाच्या फडाकडंला एका मागं एक तीन कुत्री पडली. थरथर, लाळ, बाहुल्या टाचणीएवढ्या. सगळी म्हणालेत, थायमेट, म्हंजे कीटकनाशक. आम्ही पुरली न्हाईत. आधी पोलिसात तक्रार दिली, मग त्यांच्या पत्रावर सरकारी डॉक्टरांनी पोस्टमॉर्टेम केलं, व्हिसेरा सीलबंद करून पाठवला. जनावराला विष घालून मारणं हा गुन्हा हाय. नवीन न्याय संहितेत कलम ३२५, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. आधीच्या कायद्यात जनावराची किंमत १० रुपये का ५० रुपये असलं कायतरी बघत हुते, ते आता न्हाई. पण पुरावाच मातीत घातला तर कलम घेऊन काय करायचं?

रंकाळा_फेरी

उचगावकर, पुढं काय झालं तेही सांगा. रिपोर्ट यायला किती काळ गेला? कुणी घातलं ते कळलं?

उचगावकर

रिपोर्टला लई महिने गेले. विष निघालं. कुणी घातलं ते न्हाई कळलं. पण त्या दिवसापास्नं एकबी कुत्रं मेलं न्हाई. पोलीस येऊन विचारपूस करून गेल्यालं गावानं बघितलं, तेवढं बास झालं.

रंकाळा_फेरी

माझा विरोध इथेच आहे. विष निघालं पण माणूस सापडला नाही, म्हणजे गावात प्रत्येकाने प्रत्येकाकडे बघायचं. कळंबेकरांच्या कॉलनीतही हेच झालं असतं. शिवाय तुमच्याकडे तक्रार द्यायला चार माणसं धावली. एकट्या राहणाऱ्या बाईची मांजर गेली तर तिने मेलेलं जनावर घेऊन ठाण्यात, दवाखान्यात, मग शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात नाहीतर पुण्याच्या प्रयोगशाळेत कुणाच्या जिवावर जायचं? ज्यांच्याकडे गाडी, पैसा आणि वेळ आहे त्यांचा हा सल्ला आहे.

कळंबेकर

नमुना कुरिअरने जातो, शव घेऊन कुणाला फिरावं लागत नाही. आणि उघडून नुसतं डोळ्यांनी बघणं इथल्या इथं होतं. रिपोर्टमध्ये 'विष नाही, हृदय' असं आलं असतं तर आमच्या कॉलनीतलं वैर त्याच दिवशी मिटलं असतं. खरं कारण कळलं तर भांडण वाढेल असं का धरून चालता? न कळल्यामुळेच वाढलेलं मी रोज बघतोय.

शाहूपुरी_३री_गल्ली

धागा वाचत होते, मध्येच लिहिते, माफ करा. आज पहाटे आमची मनी गेली. पर्शियन, चार वर्षांची. काल रात्री एकदम किंचाळली, मागचे दोन्ही पाय ओढत पलंगाखाली गेली. पाय बर्फासारखे गार आणि तळवे निळसर झाले होते. रात्रीचा दवाखाना मिळेपर्यंत उशीर झाला. आता ती पुठ्ठ्याच्या खोक्यात आहे, भोवती बर्फ ठेवलाय. मुलगा शाळेतून यायच्या आत पुरावं असं यांचं म्हणणं आहे. घरात तिच्याच वेतातला भाऊ आहे. कुणीतरी सांगा काय करू.

मंगळवारपेठ

ताई, फार वाईट झालं. आधी दोन घोट चहा घ्या. मुलाला येऊ द्या, त्याला तिला बघू द्या, मग पुरा. चिरफाडीने ती परत येणार नाही, आणि तुम्ही रात्रभर धावलात, त्यात काही कमी केलं नाहीत.

गुरांचा_डॉक्टर

ताई, तुम्ही सांगताय त्यावरून महाधमनीच्या टोकाला, जिथून मागच्या पायांकडे फाटे जातात तिथं रक्ताची गुठळी अडकल्याचा संशय येतो. मांजरांत याच्या मागे बहुतेक वेळा हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार असतो. वरून काहीच कळत नाही, मांजर उड्या मारत असते आणि पहिलं लक्षण हेच दिसतं. काही घराण्यांत तो आनुवंशिक असतो, पर्शियनमध्येही आढळतो. म्हणून मनीपेक्षा मला तिच्या भावाची काळजी आहे. त्याची २डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. कोल्हापुरात मांजराची होते का ते फोनवर विचारा, नसेल तर पुण्याला. मनीचं पोस्टमॉर्टेम केलं नाही तरी त्याची तपासणी टाळू नका.

रंकाळा_फेरी

हेच म्हणत होतो. उत्तर जिवंत असलेल्याकडून मिळत असेल तर गेलेलीला शांतपणे जाऊ द्या.

कळंबेकर

नाही पटत. भावाचं हृदय आज चांगलं दिसलं तर? दोन वर्षांनी जाड होणार नाही कशावरून? मनीचं कारण पक्कं असेल तर त्याला दरवर्षी दाखवतील, नुसता अंदाज असेल तर एकदा दाखवून विसरतील. माणसं अशीच असतात. बर्फ आहे तोवर संधी आहे, ताई.

गुरांचा_डॉक्टर

हा मुद्दा बरोबर आहे. पूर्ण शवविच्छेदन नको असेल तर हृदय आणि महाधमनी एवढंच बघा म्हणून सांगता येतं. टाके घालून, पुसून परत देतात. मुलाने पाहिली तरी अंगावरच्या कापडाखाली काही दिसणार नाही.

शाहूपुरी_३री_गल्ली

यांच्याशी बोलले. आधी नाही म्हणाले, मग बोक्याकडे बघत बसले आणि तयार झाले. तेवढंच करून घेतो. मुलाला शाळेतून यांचा भाऊ आणेल, त्याला खरं सांगणार आहोत. हृदय तपासायला पाठवायचं झालं तर काय सांगायचं दवाखान्यात?

मंगळवारपेठ

माझ्या घरी मी नाहीच म्हणाले असते. पण तुमच्याकडे भाऊ आहे, आमच्याकडे दुसरं कुणी नव्हतं. जा ताई.

गुरांचा_डॉक्टर

हृदय अख्खं ठेवायला सांगा, कप्पे उघडून धुऊन फॉर्मलिनमध्ये, त्याच्या दसपट द्रावणात. चिठ्ठीवर वय, जात, कधी किंचाळली, पाय गार होते, तळवे निळे होते हे सगळं लिहा. एवढ्या तपशिलाने प्रयोगशाळेचं अर्धं काम होतं. निघायच्या आधी फोन करा, म्हणजे टेबल मोकळं ठेवतील. वितळलेलं पाणी ओतून बर्फ बदला. आणि बोक्याला आज बरोबर नेऊ नका, त्याच्या इकोची वेळ वेगळी घ्या.