मदत हवी आहे: बग कळतात डेअरीतून, कोड येतो गिटहबवर, मधे मी एकटा

दूधचिठ्ठी:

नमस्कार मंडळी. लांबण लागेल, आधीच माफी मागतो.

निपाणीजवळच्या आमच्या गावच्या दूध सोसायटीसाठी साडेतीन वर्षांपूर्वी मी एक अँड्रॉइड ॲप केलं. सकाळ-संध्याकाळचं दूध, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) टाकायचं, चिठ्ठी छापायची, दहा दिवसांनी बिल काढायचं, एवढंच. बाबा तिथेच दूध घालतात, सेक्रेटरी काका घरातलेच, त्यामुळे पैशाचा प्रश्नच नव्हता. पुढे हौसेने सगळा कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली गिटहबवर (कोड सगळ्यांना बघता येईल असा ठेवायची वेबसाइट) टाकला. आज निपाणी, चिकोडी, हुक्केरी भागातल्या पंधराएक सोसायट्या ते वापरतात. नाव मुद्दाम देत नाही, जाहिरात वाटायला नको.

मी दिवसभर बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या ऑफिसात असतो. अनगोळला खोली आहे, शनिवारी गावी जातो. म्हणजे या प्रोजेक्टला मिळतो तो बसमधला दीड-दोन तास आणि रविवारची दुपार. गिटहबवर आत्ता ६३ इश्यू (नोंदवलेल्या तक्रारी) उघडे आहेत आणि २१ पुल रिक्वेस्ट (दुसऱ्यांनी कोडमध्ये सुचवलेले बदल) पडून आहेत.

आकडा मोठा म्हणून रडत नाही. अडचण अशी की ॲप जे रोज वापरतात त्यांना गिटहब म्हणजे काय ते माहीत नाही, आणि गिटहबवर जे येतात त्यांनी ॲप कधी वापरलेलं नाही. एक उदाहरण सांगतो, त्यात माझीच चूक आहे.

पहाटे पावणेसहाला काकांचा व्हॉट्सॲपवर आवाज आला. मागे कॅनांचा खणखणाट. "अरे बाळा, तुझं ॲप काय करूलालंय बग की. दूध घेतंय, खरं कुऱ्हाड्याचं नावच सापडंना झालंय." (आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'. बाहेरच्या वाचकांसाठी सांगितलं.) मी ऐकलं, बस पकडायची होती, विसरलो. आठवड्याने चिकोडीकडच्या एका सोसायटीने फोटो पाठवला: एकच सभासद यादीत दोनदा. तेही राहिलं. मग गिटहबवर एकाने व्यवस्थित इंग्रजीत इश्यू टाकला, 'बिलाची बेरीज चुकते', आणि चार दिवसांत दुसऱ्याच कुणी त्यावर पुल रिक्वेस्ट पाठवली. त्याने पैशांचं राउंडिंग बदललं होतं. कोड नीटनेटका, टेस्ट पास. रविवारी दुपारी मी मर्ज केलं, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतलं, आणि झोपलो.

पुढच्या बिलाला चार सोसायट्यांत प्रत्येक सभासदाचा हिशेब पैशा-पैशाने हलला. वहीशी ताळा लागेना. फोन किती आले ते विचारू नका.

खरा बग बेरजेत नव्हताच. तीन तक्रारी, आजार एक. 'कुऱ्हाडे' हे नाव दोन तऱ्हांनी टाइप होतं. एका कीबोर्डवर 'ऱ' हे वेगळं अक्षर, हलन्त आणि 'हा'. दुसऱ्यावर साधा 'र', हलन्त, आणि मागे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, मशीनला मात्र दोन वेगळी माणसं. काकांच्या फोनवर एक कीबोर्ड, त्यांच्या मुलाच्या फोनवर दुसरा. सकाळी काका बसतात, संध्याकाळी मुलगा. त्याने शोधलं, नाव मिळालं नाही, नवा सभासद उघडला. कुऱ्हाड्यांचं संध्याकाळचं सगळं दूध त्या दुसऱ्या खात्यात जात राहिलं आणि बिल निम्म्याने आलं.

युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं सारखी करणं) चालवलं की सुटेल असं मला वाटलं होतं. नाही सुटत. त्याने 'ऱ' आणि नुक्ता दिलेला 'र' एक होतात, झेडडब्ल्यूजेवाला बाहेरच राहतो. 'ॲ' हे एकच अक्षर आणि 'अ'वर चंद्र चढवून केलेला 'अॅ' यांचीही तीच गत. शेवटी शोधापुरती नावाची वेगळी की (सगळी रूपं सारखी केलेली खूण) बनवली. ते निस्तरलं, पण काकांचा तो पहाटेचा निरोप मी पहिल्या दिवशी नीट ऐकला असता तर पुढचं काहीच झालं नसतं.

बाकीच्या पुल रिक्वेस्टांची तऱ्हा थोडक्यात. ऑक्टोबरात सात-आठ अशा आल्या की रीडमीत (प्रोजेक्टच्या माहितीपानात) फक्त एक स्वल्पविराम. एकाने एसएनएफच्या सूत्रातला ०.३६ खोडून ०.४४ केला, शीर्षक 'गंभीर चूक दुरुस्त'. लॅक्टोमीटरचा आकडा भागिले चार, त्यात फॅटचा ठरलेला हिस्सा, वर एक स्थिरांक, तोच हा ०.३६. हा हिस्सा आणि स्थिरांक दूध संघागणिक बदलतो. त्याच्या संघात त्याचं बरोबर, आमच्या तक्त्यात आमचं. ते घेतलं असतं तर दर चिठ्ठीला एसएनएफ चढून फरक सोसायटीच्या अंगावर आला असता. आणखी एक चारशे ओळींची आहे, एआयकडून लिहून घेतलेली. ती जे फंक्शन दुरुस्त करते ते आमच्या कोडमध्ये नाहीच.

कन्नड भाषांतर बेंगळुरूकडच्या एका मुलीने फार मन लावून करून दिलं. त्यात गायीला 'हसु'. लगेच चिकोडीकडून उलटी पुल रिक्वेस्ट: 'आकळु' करा. दोघांचीही कन्नड चुकीची नाही. आता मी मराठी माणूस, बेळगावात बसून कन्नड शब्दांचा निवाडा करू? ती रिक्वेस्ट पाच महिने तशीच आहे.

तर विचारायचं ते हे. व्हॉट्सॲपवरच्या तक्रारी इश्यूमध्ये कशा आणाव्यात? कुठली पुल रिक्वेस्ट आधी बघायची, आणि चांगल्या मनाने पाठवलेली परत कशी करायची? आणि एकाने 'मला राइट ॲक्सेस द्या, मी सांभाळतो' म्हणून तीनदा लिहिलंय, म्हणजे थेट कोड बदलायची मुभा. द्यावा का?

रिव्ह्यू_बाकी:

पुण्यात एका ओपन सोर्स लायब्ररीची देखभाल करतो, तुमच्याएवढी पहाट नसते माझी.

काकांना गिटहबवर आणायचं स्वप्न सोडा. ते त्यांचं काम नाही. ॲपमध्ये 'तक्रार' असं एक बटण द्या. दाबलं की ॲपची आवृत्ती, फोनचं मॉडेल, शेवटची एरर एवढं गोळा होऊन व्हॉट्सॲपचा निरोप तयार व्हावा, वर त्यांनी आवाजात काय ते बोलावं. त्यात सभासदांची नावं, खाते क्रमांक अजिबात नकोत.

मग तो निरोप इश्यूत तसाच्या तसा उतरवायचा, त्यांच्याच शब्दांत. 'नाव सापडंना झालंय' हे लक्षण आहे, सोन्यासारखं आहे. 'बेरीज चुकते' हे कुणाचं तरी निदान होतं. तुम्ही निदानावर औषध दिलंत. चूक स्वतःच्या फोनवर घडवून पाहिल्याशिवाय त्या बगची पुल रिक्वेस्ट उघडायचीच नाही, आणि दुरुस्तीसोबत अशी टेस्ट मागायची जी जुन्या कोडवर नापास होते. राउंडिंगवाल्याला हे मागितलं असतं तर तो तिथेच अडकला असता, कारण त्याला कुऱ्हाडे माहीतच नव्हते.

ऑक्टोबरचं म्हणाल तर ती हॅक्टोबरफेस्टची कृपा, म्हणजे ऑक्टोबरात पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्यांना बक्षीस देणाऱ्या उपक्रमाची. २०१४ पासून चालतं. २०२० मध्ये टी-शर्टपायी इतक्या फालतू रिक्वेस्टा आल्या की ज्या रेपोंनी (गिटहबवरच्या प्रोजेक्टांनी) स्वतः होकार दिलाय तेवढेच धरायचे असा नियम आयोजकांना ऐन महिन्यात करावा लागला. तुमच्या रेपोवर तो होकाराचा टॉपिक (शब्दखूण) लावलाय का बघा.

दूधचिठ्ठी:

लावलाय. मीच लावला होता, पहिल्या वर्षी कुणी येईना म्हणून. आत्ता काढला.

खाते क्रमांकांवरून आठवलं, हेही कबूल करतो. एकदा काकांनी पाठवलेला स्क्रीनशॉट मी घाईत इश्यूत चिकटवला. त्यात नऊ सभासदांची नावं आणि बँक खाती होती. कळल्यावर एडिट करून काढला आणि निर्धास्त झालो.

रिव्ह्यू_बाकी:

निर्धास्त होऊ नका. एडिट केलं तरी जुनी प्रत इतिहासात दिसते. त्या एडिटच्या इतिहासात जाऊन ती आवृत्ती वेगळी डिलीट करावी लागते. आणि चित्राचा थेट पत्ता कुणाकडे असेल तर ते तिथून अजून उघडत असेल, तेही तपासा. गिटहबच्या मदत कक्षाला लिहा. आजच.

अंतिम_सेमिस्टर:

दादा, तुमच्या त्या २१ मधली एक माझी आहे.

मी बेळगावातच इंजिनिअरिंगला आहे. तुमच्या इश्यूवर 'गुड फर्स्ट इश्यू' (नवख्याला जमेल असं काम) लेबल बघून आलो होतो, प्रिंटरवाला. ५८ मिलीमीटरच्या स्वस्त थर्मल प्रिंटरला देवनागरी फॉन्टच नसतो, म्हणून नावाच्या जागी चौकोन येत होते. मी पूर्ण चिठ्ठीचं ३८४ ठिपके रुंदीचं चित्र करून पाठवायचा कोड लिहिला. प्रोजेक्ट माझ्या लॅपटॉपवर उभा करायलाच दोन दिवस गेले, कारण रीडमीत कुठलं जेडीके (ॲप बांधायचं साधन) लागतं तेच नाही. प्रिंटर मित्राच्या मोबाईल दुकानातून आणला, एक रोल संपवला. सात महिने झाले, 'पाहतो' एवढंसुद्धा उत्तर नाही. राग नाही, पण वर सगळ्या रिक्वेस्टा एका मापात मोजल्यात म्हणून लिहिलं.

तुम्हाला सवड नाही हे कळतंय. नमुन्याचा डेटा तरी द्या की. खोटे पन्नास सभासद, त्यात एक कुऱ्हाडे, एक गोऱ्हे, एक ॲंथनी. आम्हा बाहेरच्यांना गाव दिसत नाही, निदान गावची नावं तरी दिसतील.

दूधचिठ्ठी:

मान खाली. तुझी रिक्वेस्ट आत्ता उघडली. तू चिठ्ठीचा फोटोही जोडलायस, त्यात 'म्हैस' किती स्वच्छ आलंय. गावात अजून लोक चौकोनांवर पेनाने नाव लिहितात. या रविवारी काकांच्या प्रिंटरवर लावून बघतो.

घटप्रभाकाठ:

मी हुक्केरीकडचा, घरात कन्नड, बाजारात मराठी. हसु-आकळु यात तुम्ही पडू नका आणि कुणाला पाडूही नका. आमच्याकडे 'आकळु'च म्हणतात, खालच्या अंगाला 'हसु'. सेटिंगमध्ये तो शब्द सोसायटीला बदलता येऊ दे, जसा तुमच्या एसएनएफचा आकडा बदलता यायला हवा. दोन्ही एकाच जातीचे प्रश्न आहेत, कोडमधून काढून तक्त्यात ठेवण्याचे. आणि बटणावर गाय-म्हशीचं चित्र घाला. पहाटे चष्मा न लावता दूध घेणारा माणूस शब्द वाचत नाही.

त्या मुलीला मात्र उत्तर द्या आधी. पाच महिने गप्प राहिलात, तिला वाटलं असेल तिची भाषा नको झाली.

कुलूपकिल्ली:

राइट ॲक्सेसबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. २०२४ मधलं एक्सझेड युटिल्स या फायली लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरचं प्रकरण वाचा. देखभाल करणारा एकटा, थकलेला. अनोळखी खात्यांवरून त्याच्यावर दबाव, 'काम होत नसेल तर दुसऱ्याला द्या'. ज्याला दिलं त्याने सुमारे दोन वर्षं उत्तम काम केलं आणि मग मागचं दार (चोरून आत शिरायची वाट) बसवलं. एका इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा संशय आला म्हणून सापडलं. तुमचा माणूस तसा असेल असं म्हणत नाही, पण तीनदा मागणं ही पात्रता नव्हे.

व्यवहाराचं सांगतो. रेपो तुमच्या वैयक्तिक खात्यावर असेल तर कोलॅबोरेटर केलेल्या माणसाला थेट कोड ढकलता येतो, मधली पायरी नाही. फुकटातली ऑर्गनायझेशन (गिटहबवरचं सामायिक खातं) काढा, रेपो तिकडे हलवा, तिथे 'ट्रायाज' अशी भूमिका मिळते: लेबल लावणं, इश्यू बंद करणं, दुबार जोडणं, एवढंच. कोडला हात नाही. आधी ती किल्ली द्या.

दूधचिठ्ठी:

दोन रविवार झाले, कळवतो.

ऑर्गनायझेशन काढली. ट्रायाजची किल्ली अंतिम_सेमिस्टरला दिली. त्याने पहिल्याच संध्याकाळी ६३ मधले १९ दुबार म्हणून जोडले; त्यातले ११ एकट्या प्रिंटरचे होते. त्याचा कोड मर्ज झाला. काकांनी पहिली चिठ्ठी फाडली, उजेडात धरली आणि म्हणाले, "आता सही कर की खाली, तूच केलंस न्हवं?" मी सांगितलं, दुसऱ्या पोराने केलंय. "मग त्याला घेऊन ये." पुढच्या शनिवारी तो माझ्याबरोबर गावी येतोय.

तीनदा मागणाऱ्याला दोन दुबार इश्यू शोधून द्यायला सांगितलं, अजून उत्तर नाही. स्वल्पविरामवाल्या बंद केल्या, प्रत्येकीवर दोन ओळी लिहून. बेंगळुरूच्या मुलीला माफीचं पत्र गेलं. तिने उलट विचारलं, कन्नडमध्ये 'फॅट लागली नाही' हे तुमच्याकडे कसं म्हणतात? घटप्रभाकाठ, हे तुम्हीच सांगा, इश्यूवर टॅग करायला खातं असेल तर कळवा. स्क्रीनशॉटची जुनी प्रत काढली, चित्राचा पत्ता अजून उघडतोय, मदत कक्षाला लिहिलंय.

एक मात्र अडलंय. दुबार सभासद जोडायचं बटण तयार आहे, पण कुऱ्हाड्यांची दोन खाती एक केली की मागची तीन बिलं बदलतात, आणि ती वाटून झाली आहेत. काका म्हणतात कमिटीची सही झाल्याशिवाय जुन्या बिलाला हात लावायचा नाही, फरक पुढच्या बिलात वेगळ्या ओळीने दाखव. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी जोडणी कुणी केलीय का? चुकून दोन वेगळे कुऱ्हाडे जोडले गेले तर मागे घ्यायची सोय कशी ठेवलीत?