सोसायटीच्या भिंतीवर रोज मुततात, खात्रीचा उपाय कोणी सांगेल का?

घोडबंदरचा_सेक्रेटरी
नमस्कार मंडळी. आमची सोसायटी घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या पुढे आतल्या रस्त्यावर आहे. मागच्या बाजूची कंपाउंड वॉल साधारण ६० फूट असेल, आणि मेट्रोच्या कामाचे पत्रे लागल्यापासून तिथे मस्त आडोसा झालाय. म्हणजे दिवसा रिक्षावाले, डिलिव्हरीवाले, संध्याकाळी वाइन शॉपहून येणारे आणि रात्री कोण कोण देवालाच ठाऊक. देवावरून आठवलं, टाइल्स पण लावून झाल्या. गणपती, साईबाबा, क्रॉस, काबा, कोणाला नाराज केलं नाही. पंधरा दिवस बरं चाललं, मग लोक दोन टाइल्सच्या मधल्या गॅपमध्ये धार मारायला लागले, अगदी नेम धरून. "येथे लघवी करणाऱ्यास दंड होईल" हा बोर्ड लावला तर त्याच्याच खाली सगळ्यात जास्त ओलं असतं. फोकस लावला, दोनदा चोरीला गेला. पहिल्या मजल्यावरचे लोक खिडक्या उघडत नाहीत आणि दर मीटिंगला माझ्यावर ओरडतात. प्लीज "लोकांची मानसिकता" वगैरे नको, काय केलं की थांबतं ते सांगा.

पोपडे_काढणारा
मी वॉटरप्रूफिंगची कामं करतो, अशा भिंती आठवड्याला एक तरी बघतो. थांबवायचं नंतर बघू, आधी तुम्ही तिथे ब्लीचिंग पावडर मारत असाल तर ते बंद करा. सगळ्याच सोसायट्या मारतात. लघवीतल्या युरियाचा जिवाणूंमुळे अमोनिया होतो, नाकात जातो तो तोच, आणि त्यावर ब्लीचिंग पडलं की क्लोरामाईनचा धूर निघतो, घसा धरतो आणि डोळे चुरचुरतात. झाडूवाल्या मावशी खोकतात ते उगाच नाही. आधी भरपूर साध्या पाण्याने धुवा, जागा पूर्ण वाळू द्या, मग लिंबूसत्वाचं पाणी मारा. पण ब्लीचिंग राहिलेल्या जागी लिंबूसत्व मारायचं नाही हां, ते आणखी वाईट.
दुसरं म्हणजे भिंतीच्या खालच्या दोन फुटात लोणा आला असेल बघा, पांढरा पांढरा, हात लावला की पीठ पडतं. क्षार प्लास्टरच्या आत जाऊन बसतात आणि पावसाळा संपला की फुगून पोपडे सुटतात. त्याच्यावर नुसता रंग मारून पैसे घालवू नका, खालचं प्लास्टर खरवडून काढावंच लागेल.

तलावपाळी_बॉय
जर्मनीत हॅम्बुर्गला २०१५ मध्ये भिंतींना असा पेंट मारला होता की धार उलटी अंगावर उडते 😂 सांक्ट पाउली म्हणून एरिया आहे, दारूचे बार वगैरे. तोच मारा काका.

पोपडे_काढणारा
@तलावपाळी_बॉय तो कोट गुळगुळीत आणि स्वच्छ पृष्ठभाग असेल तर चालतो. घोडबंदरची धूळ बघितलीस का, आठवड्यात वर थर बसेल. आणि चालला तरी माणूस पुढच्या सोसायटीच्या भिंतीवर जाईल, तिकडचा सेक्रेटरी इथे येऊन हाच धागा काढेल.

मीटर_डाऊन
साहेब मी रिक्षा चालवतो, ठाणे स्टेशन ते कासारवडवली, त्यामुळे राग नका मानू पण सांगतो. सकाळी सहाला गाडी काढली की दुपारी तीनपर्यंत सीटवर. कापूरबावडी ते माजिवडा ट्रॅफिक लागला की पाऊण तास कुठे गेला कळत नाही, त्यात मला शुगर आहे, तासातासाला लागते. सुलभ आहे, नाही असं नाही, पण तिथे गाडी कुठे लावू? रस्त्याला लावली की टोचन नाहीतर मागचे हॉर्न मारून मारून जीव घेतात. पेट्रोल पंपावर टॉयलेट असावं लागतं हे मला माहितीये, पण आम्ही जातो सीएनजीला, लाईन सोडून उतरलो की नंबर जातो. एका ठिकाणी तर संडासाला कुलूप, चावी द्या म्हटलं तर म्हणे मॅनेजर जेवायला गेलाय. मग आडोसा दिसला की थांबतो. लाज वाटत नाही असं नाही. भाडं बसलेलं असताना तर पोटात कळ येईस्तोवर धरून ठेवतो.
एकच सांगतो, तुमच्या भिंतीपासून सर्वात जवळचं टॉयलेट कुठे आहे आणि ते किती वाजता बंद होतं ते स्वतः चालत जाऊन बघा.

नौपाडा_ते_नेरुळ
चला, निदान तुम्हाला भिंत तरी आहे. मी मेडिकल डिव्हाइसच्या सेल्समध्ये आहे, दिवसभर ठाणे, ऐरोली, वाशी, नेरुळ, आणि सकाळी घरून निघताना पाणी किती प्यायचं ते मोजून पिते. उन्हाळ्यात सुद्धा. दोनदा युरिन इन्फेक्शन झालं, दुसऱ्या वेळेला डॉक्टर बाई ओरडल्या की पाणी पी, आणि मी मनात म्हटलं बाई तुम्ही सांगा जायचं कुठे.
टॉयलेट सापडलं तरी गंमत संपत नाही. पुरुषांची मुतारी फुकट, आम्हाला ५ रुपये, का तर म्हणे बायका आत एक नंबरला गेल्या का दोन नंबरला ते कसं कळणार. मुंबईत २०११ पासून राइट टू पी चळवळीतल्या बायकांनी याच मुद्द्यावर बोंब मारली होती. डिसेंबर २०१५ मध्ये हायकोर्टाने पण पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' मासिकवाल्यांच्या याचिकेवर महापालिकांना सांगितलं की रस्त्यालगत बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित टॉयलेट्स करा. आणि परवा मी एका ठिकाणी गेले तर कडी नाही, दार एका पायाने दाबून धरायचं, पर्स अडकवायला खिळा नाही म्हणून पट्टा दातात, ओढणी गळ्याभोवती, पाणी बादलीत तळाला. बाहेर आले तर बाई म्हणते सुट्टे द्या. पाळी असेल त्या दिवशी तर मी शेवटची व्हिजिट सरळ कॅन्सल करते.

कायदेपंडित
१८६७ चा सराय ॲक्ट आहे, त्यानुसार कुठल्याही हॉटेलात, फाईव्ह स्टारमध्ये सुद्धा फुकट पाणी आणि टॉयलेट वापरता येतं. हक्काने जा.

नौपाडा_ते_नेरुळ
@कायदेपंडित हे व्हॉट्सॲपवर मला महिन्यातून एकदा येतं. मूळ कायदा वाचा की एकदा. सरायांची नोंदणी, साफसफाई, विहिरी-टाक्या असलं आहे त्यात, "येणाऱ्या जाणाऱ्याला टॉयलेट द्या" असं कलम नाही. तरी मी हॉटेलात जाते, गोखले रोडला एक उडप्याचं आहे तिथले अण्णा मला बघूनच मान हलवून आत बोट दाखवतात. त्यांचं भलं होवो. मी निघताना एक कॉफी घेते, म्हणजे अर्ध्या तासाने परत तोच प्रश्न.

वाशीकर७४
आमच्या नवी मुंबईत बरं आहे बाकी, स्वच्छ सर्वेक्षणात २०२३ ला पण देशात तिसरा नंबर होता. या रँकिंगमध्ये ओडीएफ प्लस म्हणून प्रकार असतो, त्यात नुसतं हागणदारीमुक्त चालत नाही, उघड्यावर लघवी पण दिसता कामा नये आणि टॉयलेट्स चालू हवीत. गूगल मॅप्सवर एसबीएम (स्वच्छ भारत मिशन) टॉयलेट टाकून बघा, बरीच सापडतात.

मीटर_डाऊन
सापडतात दादा, पण मॅपवर कुलूप दिसत नाही.

स्विगी_झोमॅटो_दोन्ही
एक विचारू सेक्रेटरी काका? तुम्ही लिहिलंय डिलिव्हरीवाले मुततात. मी या रोडला दिवसाला २५-३० ऑर्डर टाकतो. बिल्डिंगच्या आत टॉयलेट असतं खाली, मीटर रूमच्या बाजूला वगैरे, दिसतं आम्हाला. वापरू का विचारलं की वॉचमन म्हणतो अलाउड नाही. लिफ्ट पण सर्व्हिसची वापरायची. तुमच्याकडे वॉचमनला तरी अलाउड आहे का?

घोडबंदरचा_सेक्रेटरी
चार दिवसांनी येतोय, मुद्दाम. मीटर_डाऊन म्हणाले तसं चालत गेलो, सर्वात जवळचं टॉयलेट ४६० पावलांवर निघालं, नाक्याच्या मागे, आणि रात्री दहाला शटर. म्हणजे लांब नाहीये, पण रस्ता क्रॉस करायला मला सात मिनिटं लागली कारण मधे सगळे पत्रे.
आता दुसरी गोष्ट, लिहू का नको करत होतो. समोरच्या मेडिकलवाल्याच्या कॅमेऱ्यात आमची भिंत येते, त्याच्याकडे बसून एका रात्रीचं फुटेज बघितलं, अकरा ते सहा. चौदा जण आले. त्यातले सहा आमचेच. दोन्ही वॉचमन, बी विंगच्या शहांचा ड्रायव्हर, आणि पहाटे गाड्या पुसायला येणारी तीन पोरं. रात्रपाळीचा वॉचमन तर त्याच टाइलच्या गॅपमध्ये, आधी गणपतीला हात जोडून.
त्याला खाली बोलावून विचारलं, आवाज चढवूनच, तर तो शांतपणे म्हणाला साहेब मीटर रूमच्या टॉयलेटला कुलूप आहे. २०२० मध्ये कोविडला लावलेलं. बाहेरच्या लोकांनी सोसायटीचं टॉयलेट वापरू नये अशी नोटीस अजून तिथे आहे, पिवळी पडलीये. ती नोटीस मीच टाईप केली होती. चावी क्लबहाउसच्या ड्रॉवरमध्ये, मोडक्या टीटी रॅकेटच्या खाली सापडली. उघडलं तर फ्लशला पाणी नाही आणि आत जुनी ख्रिसमस ट्री ठेवलेली.

नौपाडा_ते_नेरुळ
कामवाल्या बायका कुठे जातात तुमच्याकडे? सहजच विचारतेय.

घोडबंदरचा_सेक्रेटरी
बायकोला विचारलं. ती म्हणाली आपल्याकडची मावशी दुपारी एकला घरी जाईपर्यंत जातच नाही. आमच्याकडे दोन बाथरूम आहेत.
प्लंबर उद्या येतोय. ड्रायव्हर, वॉचमन, मावश्या, डिलिव्हरी सगळ्यांना उघडं ठेवायचं असा विषय रविवारच्या मीटिंगला घेतलाय, ग्रुपवर टाकल्या टाकल्या तिघांनी अंगठा खाली दिला, सिक्युरिटीचा प्रश्न म्हणे.

मीटर_डाऊन
रिक्षावाल्यांचं नाव नाही घेतलं साहेब यादीत 🙂

पोपडे_काढणारा
मीटिंगच्या आधी भिंत धुवून घ्या, पहिल्या मजल्यावरच्यांची तीन मतं तिथेच येतील. आणि ती ख्रिसमस ट्री टाकू नका, आमच्या सोसायटीला हवीये.