पुसून लावायचं कोटिंग: उडालेला रंग खरंच परत येतो का पैसे पाण्यात?

परतूरकर
आमचा ट्रॅक्टर १२ वर्षांचा, शेड नाही, बाराही महिने उन्हात उभा. बोनट लाल होतं ते गुलाबी पडलंय, बोट फिरवलं की कुंकू लागल्यासारखी भुकटी येती. दिवाळीला एका मडगार्डला ते फडक्यानं पुसून लावायचं कोटिंग लावलं, दुसरं मुद्दाम तसंच ठेवलं. मधी अख्खा मे गेला, तरी आजबी बांधावरून बघितलं की फरक कळायलाय. गावात सगळे म्हणायलेत पैसे घालवले, पेंटरला द्यायचे होते. आता पेंटिंगचा खर्च कुठं न एक बाटली कुठं, अन पत्रा चांगला असताना रंग खरडून काढायचाच कशाला?

पेंटर_मामा, लातूर
बाटली विकणाऱ्याचं काय जातंय. दोन-तीन वर्षांनी तू येणार माझ्याकडंच, अन तवा डोकं माझं फिरणार. असल्या मालात सिलिकॉन असलं न ते नीट निघालं नाही की वरून गन मारली की रंग फाटतो, माशाच्या डोळ्यावाणी गोल गोल खड्डे पडतात. मागं एक बोनट दोनदा घासलं मी, गिऱ्हाईक शेवटपर्यंत म्हणतंय मी काहीच लावलं नव्हतं!

परतूरकर
मामा ते टायरला चोपडायचं वेगळं हो. ते वाळतच नाही, धूळ धरतं न पहिल्या पावसात गेलं. हे वाळून कडक होतं.

नांदेडवाला
दोघंबी थोडे बरोबर. उन्हानं आधी रंगातला बांधून धरणारा थर मरतो, म्हणून भुकटी सुटती न वरचा भाग बारीक खरबरीत होतो, उजेड तिथं विखुरतो म्हणून रंग पांढुरका दिसतो. पाणी मारून बघा, ओलं आहे तोवर बोनट नवं दिसतं न वाळलं की परत गुलाबी. कोटिंग म्हणजे तेच ओलेपण, पण वाळून कडक झाल्यावरबी टिकणारं. पाणी मारूनबी रंग दिसला नाही तर रंगच राहिला नाही, मग मामाकडं जा.

बीडची_ताई
माझं तर पार वाटोळं झालं. स्कूटीचं काळं प्लास्टिक राखाडी पडलं होतं, आधी आमचे भाऊ त्याला खोबरेल लावायचे, मग मी हे आणलं न अंगणात भर दुपारी लावलं. नुसते पट्टे! वर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग होते ते आतच बंद झाले, आता घासूनबी निघंनात. त्यापेक्षा राखाडी बरं होतं.

नांदेडवाला
ताई खोबरेल पूर्ण निघायला पाहिजे होतं, आधी साबण मग स्पिरिट. अन तापलेल्या पत्र्यावर नाहीतर प्लास्टिकवर लावलं की पुसायच्या आत सुकतं, पट्टे येणारच. सकाळी सावलीत, पातळ हात, न दिवसभर पाणी लागू द्यायचं नाही.

बीडची_ताई
एवढं सगळं करायचं तर मग पुसून लावायचं म्हणून विकतात कशाला 😡

हिंगोलीचा
मला राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. जुना ट्रॅक्टर घेतला, बाजारात असा चकाकत होता की घरच्यांनी जागेवरच नारळ फोडला. तीन धुण्यात सगळी चकाकी गेली, खाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली न गंज. कोटिंग चांगलं का वाईट ते सोडा, विकताना लावलं असलं तर सांगावं ना माणसानं. मी तर आता घ्यायला गेलो की ओलं फडकं घेऊनच जातो, कोपऱ्यात जोरात घासून बघतो.

पेंटर_मामा, लातूर
हे लाखाचं बोलला. परतूरकर, दुसऱ्या मडगार्डला हात लावायच्या आधी बाटलीवर काय लिहलंय त्याचा फोटो टाक, सिलिकॉन आहे का नाही कळू दे.

परतूरकर
मामा बाटली ट्रॅक्टरवरच राहिली होती. लेबल उन्हानं उडालंय.