सिंहस्थाला सासूबाईंना पर्वणीलाच आणू की नंतर? नाशिककरांनो जरा खरं सांगा

अकोल्याची_सून:
नमस्कार मंडळी. आम्ही अकोल्याचे. सासूबाई ७४ च्या आहेत, गुडघे दुखतात पण घरातलं सगळं करतात, शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. २०२५ ला टीव्हीवर प्रयागच्या कुंभाचं सगळं बघितलं तेव्हापासून एकच धरून बसल्यात की मला नाशिकची पर्वणी करायची, परत बारा वर्षांनी मी असेन का नसेन. आता ह्याच्यावर माणूस काय बोलणार. आमचे हे म्हणतात रात्रीच्या गाडीने नाशिकरोडला उतरू, स्नान उरकू, त्र्यंबक करू, संध्याकाळच्या गाडीने परत. मी म्हटलं अहो ते काय शेगाव आहे का, सकाळी जाऊन दर्शन घेऊन संध्याकाळी घरी यायला?
तर मला विचारायचंय की पर्वणीच्या दिवशी साधारण किती चालावं लागतं, रामकुंडावर म्हाताऱ्या माणसाला उतरता येतं का, बायकांना कपडे बदलायची सोय असते का, आणि त्र्यंबक त्याच दिवशी जमतं का. उगाच घाबरवू नका पण गोडगोडही बोलू नका.

पंचवटीकर:
ताई, घर पंचवटीतच आहे, सिंहस्थ आमच्या दारातून जातो म्हणा ना. आधी तारखा. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण. मोठी स्नानं, म्हणजे पर्वण्या, २ ऑगस्ट २०२७, ३१ ऑगस्ट २०२७, आणि तिसरं नाशिकला ११ सप्टेंबर, त्र्यंबकला १२ सप्टेंबर. ध्वज उतरणार २४ जुलै २०२८ ला. म्हणजे हे तीन दिवस सोडले तरी सिंहस्थ चालूच असतो, गुरू मध्ये वक्री होऊन मागे जातो आणि परत सिंहेत येतो म्हणून यावेळी जास्तच लांबलाय. आणि २ ऑगस्टला सोमवती अमावस्या, वर त्याच दिवशी दुपारनंतर सूर्यग्रहण, म्हणजे त्या दिवशी काय माणूस लोटेल त्याचा विचारच नको.
आता चालायचं. पर्वणीला बाहेरच्या गाड्या शहराच्या बाहेरच थांबवतात, तिथून एसटीने आतल्या पार्किंगपर्यंत, आणि तिथून पुढे पाय. सरळ रस्त्याने चालवत नाहीत, बॅरिकेडमधून फिरवून फिरवून नेतात आणि परतीचा रस्ता वेगळा असतो, म्हणजे तुम्ही जिथून आलात तिथे परत जाताच येत नाही. २०१५ च्या पहिल्या पर्वणीला तर इतकं आवळून धरलं होतं की आम्हाला आमच्याच गल्लीत शिरायला वाद घालावा लागला, दूधवाला आला नाही, आणि गंमत म्हणजे ह्या सगळ्या बंदोबस्ताला घाबरून लोकच कमी आले, दुकानदार माशा मारत बसले. मग बोंबाबोंब झाली, दुसऱ्या पर्वणीला जरा सैल सोडलं आणि तेव्हा आली खरी गर्दी.
आणि रामकुंडाचं म्हणाल तर पर्वणीच्या सकाळी रामकुंड आखाड्यांचं असतं. निर्वाणी, दिगंबर, निर्मोही हे तीन वैष्णव आखाडे आणि त्यांचे खालसे (आखाड्यांखालचे साधूंचे गट), ते सगळे होईपर्यंत दुपार होते. सामान्य माणसाला पोलीस ज्या रस्त्याने आलात त्या बाजूच्या घाटावर वळवतात. नाशिकरोडला उतरलेल्यांना २०१५ ला दसकच्या घाटाकडे वळवत होते. म्हणजे सासूबाई एवढं करून येणार आणि रामकुंड लांबूनसुद्धा दिसणार नाही असंही होऊ शकतं.
माझं मत विचाराल तर पर्वणी सोडा. दोन पर्वण्यांच्या मधे, नाहीतर पावसाळा संपल्यावर दिवाळीनंतर आणा. रामकुंडाजवळ गंगा-गोदावरीचं मंदिर आहे, ते फक्त सिंहस्थात उघडतं, बाकी अकरा वर्षं कुलूप. तिथे आरामात दर्शन होईल, बारा वर्षांनी होणारी गोष्ट पाहिल्याचं समाधान पण मिळेल.

त्र्यंबकरोडवाला:
वरचे भाऊ बरोबर बोलले, फक्त त्र्यंबकचं मी सांगतो. एका दिवसात दोन्ही हे डोक्यातून काढून टाका. इथून तीसेक किलोमीटर आहे, एरवी तासाचं काम, पण पर्वणीला त्र्यंबक पण तेवढंच भरलेलं असतं. नागा साधू जे टीव्हीवर दिसतात ते त्र्यंबकला, कुशावर्तावर. नाशिकला वैष्णव बैरागी. खूप लोक रामकुंडावर येऊन नागा शोधत बसतात. पूर्वी सगळे एकाच ठिकाणी करायचे पण पहिलं कोणी उतरायचं यावरून मारामाऱ्या व्हायच्या, १७८९ च्या सिंहस्थात फार मोठी झाली आणि पेशव्यांच्या दरबारातून शैवांना त्र्यंबक आणि वैष्णवांना नाशिक असं वाटून दिलं, ते आजतागायत.
कुशावर्त पाहिलंय का कधी? चारी बाजूंनी ओवऱ्या, मधे पायऱ्यांचं कुंड, गावातल्या एखाद्या वाड्याचा चौक असावा एवढंच ते. दहा आखाडे तिथे एकामागून एक उतरतात, पहाटे तीन-चारला सुरू. तुमचा नंबर कधी लागणार? एरवीच्या दिवशी या, कुशावर्तावर कठड्याला धरून दोन पायऱ्या उतरल्या की झालं स्नान, आमच्या आत्याने तसंच केलं होतं. ज्योतिर्लिंगाची रांग मात्र श्रावणात विसराच, त्यात सोमवार असला तर अजिबातच येऊ नका.

सिडको_नाशिक:
सगळे पर्वणी सोडा पर्वणी सोडा करताय, पण मग सिंहस्थ म्हणजे काय उरलं? मी २०१५ ला दुसऱ्या पर्वणीला रात्री बारालाच निघालो होतो मित्रांबरोबर, नाशिकच्या द्वारका चौकापर्यंत कसंबसं पोचलो आणि मग चालत. रस्ताभर माणसंच माणसं, डोक्यावर गाठोडं, हातात पिशवी, एमपी राजस्थानकडच्या बायांचे गटच्या गट, पुढच्या बाईच्या पदराला मागचीची गाठ, तिच्या पदराला तिच्या मागचीची, आणि सगळ्यात पुढे एक म्हातारा काठीला लाल फडका बांधून, कोणी चुकलं की सगळी माळ थांबायची. त्यांना कोणी सांगितलं होतं का क्राउड मॅनेजमेंट? पहाटे आखाड्याची मिरवणूक आली, निशाणं, घोडे, दांडपट्टा फिरवणारी पोरं, सियावर रामचंद्र की जयचा आवाज, अंगावर काटा आला राव, आणि मी काही फार देवदेव करणारा माणूस नाही. त्या माउलीला तेच बघायचं असेल तर रिकाम्या घाटावर नेऊन तिचं काय समाधान होणार.

पंचवटीकर:
भाऊ तू तेव्हा कॉलेजात होतास आणि तुझे गुडघे तुझे होते.

घाटावरची_ताई:
मी २००३ ला पण होते आणि २०१५ ला पण, आमच्या मंडळातर्फे पाणी वाटायला आणि चुकलेल्यांना सोडवायला. सिडकोवाल्या भाऊंचं म्हणणं मला पटतं, गर्दीचं सुद्धा एक दर्शन असतं. पण २७ ऑगस्ट २००३ ला सरदार चौकाजवळ जी चेंगराचेंगरी झाली त्यात ३९ जण गेले, आणि त्यात म्हाताऱ्या बायका किती होत्या. तो रस्ता काळाराम मंदिराकडून गंगेवर (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) उतरतो, अरुंद आणि उताराचा, पुढे अडवलेलं आणि मागून लोंढा चालूच. साधूंनी उधळलेली नाणी वेचायला लोक वाकले असं तेव्हा पेपरात आलं होतं. उतारावर गर्दी असली की माणूस स्वतः चालत नसतो, त्याला ढकलत नेलं जातं, आणि पाय अडखळला की संपलं. म्हणून माझं एकच सांगणं, वय झालेल्या माणसाला पर्वणीला आणलंच तर उतार आणि पायऱ्या असलेल्या गल्ल्यांत नेऊ नका, लांब पडलं तरी मोकळ्या सपाट घाटावर न्या.
दुसरं, प्रयाग थंडीत होतं, आपलं भर पावसाळ्यात. हे टीव्हीवर बघून येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. चिखल, ओल्या पायऱ्यांवर शेवाळ, त्यावर फुलं आणि दूध सांडलेलं, निसरडं म्हणजे किती. वर पाऊस जास्त झाला की गंगापूर धरणातून पाणी सोडतात आणि मग रामकुंडात उतरूच देत नाहीत. आमच्याकडे पूर मोजायचं मीटर म्हणजे नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती, पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की भांडीबाजाराकडची दुकानं आवरायला घेतात. त्यामुळे पहाटे निघायच्या आधी नुसतं पंचांग बघू नका, धरणाची बातमी पण बघा.
बायकांसाठी कपडे बदलायच्या खोल्या पर्वणीला तात्पुरत्या उभ्या करतात पण रांग आणि पाणी, आतून ओली होऊनच बाहेर येते बाई. काठपदराची साडी नको, सुती गाऊन किंवा पंजाबी ड्रेस नेसवा, सासूबाई रागावतील पण ऐकतील. मंगळसूत्र पाटल्या घरी. आणि ब्लाउजला आतून एक चिठ्ठी पिनने लावा, मराठी-हिंदीत, नाव गाव दोघांचे नंबर, शुगर आहे आणि कोणती गोळी चालू आहे ते पण. मोबाइलवर भरोसा ठेवू नका, एवढ्या गर्दीत नेटवर्क मरतं. आमच्या तंबूत चुकलेल्या एक आजी आल्या होत्या, त्यांना गावाचं नाव सांगता येत होतं पण तालुका नाही, आणि मुलाला त्या फक्त बाळ्या म्हणायच्या. माइकवरून "बाळ्या तू असशील तिथून ये" असं ओरडून ओरडून आमचा पोरगा थकला, आणि प्रत्येक वेळी वेगळाच बाळ्या यायचा. सापडला शेवटी खरा बाळ्या, तोही रडतच आला.

नळाचं_पाणी:
सगळ्यांनी गर्दीचं सांगितलं, पाण्याचं कोणी बोललं नाही. त्याच पात्रात नाले मिसळतात, उन्हाळ्यात पाणवेली, रामकुंडात अस्थी, राख, निर्माल्य. तळाला काँक्रीट ओतून जिवंत झरे बुजवले म्हणून लोक कोर्टात गेलेत. आणि तपोवनात साधुग्रामसाठी (सिंहस्थात साधूंच्या तात्पुरत्या वस्तीसाठी) झाडं तोडायचा घाट घातला त्यावरून २०२५ च्या शेवटी केवढं रान पेटलं होतं ते आठवत असेलच. ७४ वर्षांच्या शुगर असलेल्या बाईने, पायाला जखम असली तर, त्या पाण्यात उतरावं का हे आधी डॉक्टरला विचारा. मी धर्माच्या विरुद्ध नाही, उगाच चिडू नका.

घाटावरची_ताई:
चिडायचं कशाला, जखमेचं बरोबरच आहे. पायाला भेग जरी असेल तरी तांब्याने डोक्यावर घ्यावं, उतरू नये. आणि घरी येऊन साबण लावून आंघोळ करावी, पुण्य काही धुऊन जात नाही.

अकोल्याची_सून:
बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी. मी हे सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. गंगा-गोदावरी मंदिर ऐकून डोळे चमकले, पण लगेच म्हणाल्या की मला साधू बघायचेत, ती माणसं नसतील तर मी काय रिकामा घाट बघू? सिडकोवाल्या दादांना त्यांनी आशीर्वाद सांगितलाय. आता साधू दिसतील आणि पर्वणी नसेल असा काही मधला मार्ग आहे का? आमचे हे तर गप्पच बसलेत, बाळ्या झालाय त्यांचा.

पंचवटीकर:
आहे की, तपोवन! २०२७ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या पर्वणीच्या मधे या, म्हणजे साधारण ८ ते २५ ऑगस्ट, शनिवार-रविवार आणि १५ ऑगस्ट टाळून. साधू पहिल्या पर्वणीच्या आधीपासून उतरलेले असतात आणि तिसरी होईपर्यंत बहुतेक हलत नाहीत. आम्ही नाशिककर घरच्यांना घेऊन संध्याकाळी तपोवनातच जायचो, पर्वणीला नाही. सपाट मैदान, मोठे रस्ते आखलेले, दोन्ही बाजूंनी खालशांचे मंडप, कुठे कथा चाललीय, कुठे रामलीला, कुठे भंडारा. जेवायला घरून काही नेऊ नका, हात धरून बसवतात, पुरी भाजी बुंदी, नाही म्हटलं तर रागावतात. एक खडेश्री बाबा होते, वर्षानुवर्षं बसलेलेच नाहीत, झोक्यावर हात टेकून उभे, पाय सुजून खांबासारखे झालेले, आणि समोर बसलेल्या बायांना सुनेशी कसं वागावं ते सांगत होते. आणि शेजारच्या तंबूत एक तरुण बैरागी हातात मावेल एवढ्या आरशात बघून गंध लावत होता, काडीने एकेक रेघ, जरा वाकडी गेली की पुसून परत पहिल्यापासून, आमची पोरगी तिथून उठायलाच तयार नव्हती. तुमच्या सासूबाईंना हे सगळं खुर्ची टाकून बघता येईल.
दुसऱ्या दिवशी पहाटे रामकुंड, स्नान, गंगा-गोदावरी मंदिर, मग काळाराम. कपालेश्वराला पायऱ्या खूप आहेत, खालूनच हात जोडा. सीतागुंफेत वाकून, जवळजवळ रांगत जावं लागतं, गुडघ्यांना नको. तिसऱ्या दिवशी त्र्यंबक, श्रावणी सोमवार टाळून, शक्य तेवढ्या पहाटे.

त्र्यंबकरोडवाला:
त्र्यंबकला पण त्या काळात आखाड्यांत नागा बसलेले असतात, धुनीजवळ. फोटो काढायच्या आधी विचारा, चिमटा हातातच असतो त्यांच्या.

सिडको_नाशिक:
आशीर्वाद पोचला आज्जी. तपोवनाचं मान्य, मला पण सुचायला हवं होतं. फक्त मिरवणूक बघायचीच असेल तर पर्वणीच्या दिवशी घरीच टीव्ही लावून बघा, रस्त्यावर उभं राहून आम्हाला जेवढं दिसलं त्यापेक्षा जास्त दिसतं हे पण खरंय.

अकोल्याची_सून:
ठरलं मग. मधल्या आठवड्यात तीन दिवस. ह्यांनी आत्ताच विचारलंय की राहायचं कुठे, पंचवटीत धर्मशाळा मिळेल का, आणि बुकिंग कधीपासून बघावं?

घाटावरची_ताई:
पंचवटीतल्या धर्मशाळा सिंहस्थात बऱ्याचशा आधीच भरतात, काही तर पिढ्यानपिढ्या ठरलेल्या यजमानांनाच देतात. तुमचे तीर्थोपाध्याय असतील नाशिकला तर त्यांना फोन करा, घरातल्या जुन्या माणसांना नाव माहीत असतं, त्यांच्या वहीत तुमच्या सासऱ्यांच्या आजोबांचं नाव सुद्धा निघेल. नाहीतर नाशिकरोड किंवा इंदिरानगरकडे लॉज बघा, रिक्षाने यायला बरं पडतं. लॉजला तळमजल्याची खोली आणि कमोड असलेलं बाथरूम आहे का ते आधी विचारून घ्या, मग पैसे भरा.