नवं कार्ड घेण्याआधी हे करून पाहा

एनव्हिडियाच्या आरटीएक्स २०६० या जुन्या ग्राफिक्स कार्डाबद्दल तुम्ही म्हटलंय, ‘२०६० वर अपस्केलिंग म्हणजे नुसतं धूसर चित्र, कार्ड बदलाच’, ते मला पटत नाही. अपस्केलिंग म्हणजे गेम कमी रिझोल्यूशनवर चालवून चित्र मोठं करणं; एनव्हिडियाचं त्यासाठीचं तंत्र म्हणजे डीएलएसएस. ४० मालिकेपासून पुढच्या कार्डांना राखीव आहे ते फक्त डीएलएसएसचं फ्रेम जनरेशन, म्हणजे मधल्या जास्तीच्या फ्रेम तयार करणं; अपस्केलिंग नाही. जानेवारी २०२५ मध्ये आलेलं अपस्केलिंगचं नवं एआय मॉडेल, ‘ट्रान्सफॉर्मर’, सगळ्या आरटीएक्स कार्डांवर चालतं. माझ्या २०६० वर सायबरपंक या गेममध्ये लावलं, तर ओल्या रस्त्यावर गाड्यांमागे उमटणारी पुसट शेपटी बरीच कमी झाली, कुंपणाच्या जाळीच्या तारा सुट्या दिसायला लागल्या. दर सेकंदाचे थोडे फ्रेम कमी झाले, पण सोसण्यासारखे.

रे ट्रेसिंग (प्रकाश, सावल्या, प्रतिबिंबं खऱ्यासारखी मोजून दाखवणं) २०६० ला झेपत नाही, हे मात्र तुमचं बरोबर आहे. ते चालू केलं की कार्डाची ६ जीबी मेमरी भरते आणि गेम अडखळतो, तिथे अपस्केलिंग फारसं वाचवत नाही. त्यासाठी कार्ड घेणार असाल तर १२ जीबीच्या खाली जाऊ नका, कळकळीने सांगतो.