गुडघे आणि पेन्शन दोन्ही सांभाळून

निवृत्तीनंतरच्या आयुष्याबद्दल ‘नवे अनुभव म्हणजे प्रवास, आणि तो पेन्शनीत बसत नाही’ असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं. खर्चाचं पटलं, पण अनुभव प्रवासातच मिळतो असं कुठंय? मी सांगलीची. निवृत्तीनंतर मिरजेला गाणं शिकायला जाऊ लागले, आणि गाण्याआधी तंबोऱ्यानंच वेड लावलं. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखालचा सुताचा दोरा किंचित सरकवला की जवारी, म्हणजे तारेची गुंजन, खुलते आणि खर्जाच्या, म्हणजे खालच्या ‘सा’च्या, तारेतून, कुणी न छेडलेला, गंधार (‘ग’ स्वर) ऐकू येतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा डोळे भरून आले होते. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय.) तिथले कारागीर तंबोऱ्यासाठी भोपळा निवडताना, कोरताना बघण्यात तर अख्खी दुपार जाते.

गुडघ्यांमुळे मांडी घालता येत नसेल त्यांनी खुशाल खुर्चीवर बसावं, तंबोरा तसाही छेडता येतो.