जपानला जायच्या आधी किती जपानी शिकावं?

प्रश्न: एप्रिलमध्ये आईबाबांना घेऊन तोक्यो-क्योतोला चाललोय, आई शुद्ध शाकाहारी, हातात दीड महिना आहे. कामापुरती कुठली वाक्यं पाठ करू?

उत्तर १: सगळ्यात आधी "सुमिमासेन". माफ करा, अहो जरा ऐका, थँक्यू, तिन्हीला चालतं. दुकानात बोट दाखवून "कोरे ओ कुदासाई" म्हणजे हे द्या. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं त्यामुळे पटकन जमतं बघ.

उत्तर २: आईंसाठी "निकु तो साकाना वा ताबेमासेन" घोकाच, म्हणजे मांस-मासे खात नाही. पण तेवढ्यावर भागत नाही हो, मिसो सूप, उदोन नूडल्सचा रस्सा यात दाशी म्हणजे चवीसाठीचा स्टॉक असतं आणि ते बहुतेकदा सुकवलेल्या बोनितो माशाचं, आणि बऱ्याच जणांच्या ते डोक्यातच येत नाही. माझ्या सासूबाईंना अर्धा बाऊल संपल्यावर कळलं, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. म्हणून "दाशी मो दामे देस", म्हणजे दाशीही चालत नाही, हेही सांगा आणि कागदावर जपानीत लिहून न्या.

प्रश्नकर्ता: दाशीचं माहीतच नव्हतं, खूप आभार! आईलाच पाठ करायला लावतो.

उत्तर १: लाव लाव. आणि जेवून निघताना काकूंना "गोचिसोसामा देश्ता", म्हणजे जेवणाबद्दल आभार, म्हणायला सांग, क्योतोत एका छोट्या हॉटेलातल्या आजी ते ऐकून दारापर्यंत सोडायला आल्या होत्या आम्हाला.